डेन्व्हरचे वैमानिक आणि ज्येष्ठतेची यादी

एखादी कंपनी विकली जाते तेव्हा वर्तमानपत्रे तिची किंमत छापतात. किती कोटी मोजले, भागाला काय भाव मिळाला, घेणारा कोण, एवढे कळले म्हणजे वाचकाची जिज्ञासा भागते. कापडाची गिरणी विकली गेली, तर साच्यावरचा कामगार बहुधा दुसऱ्या दिवशी त्याच साच्यावर उभा राहतो; मालकाचे नाव तेवढे बदलते. विमान कंपनीची गोष्ट निराळी आहे. तिथे वैमानिकाला किमतीहून दुसऱ्याच एका संख्येची चिंता लागलेली असते, आणि ती संख्या वर्तमानपत्रात कधीच येत नाही. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात ‘फ्रंटियर’ या एकाच नावाच्या दोन विमान कंपन्या निघाल्या. दोघींवरही विक्रीचा प्रसंग आला आणि दोन्ही वेळा मोठ्या खरेदीदाराशी ठरत आलेला सौदा वैमानिकांपाशी येऊन मोडला. त्या दोन प्रसंगांचा इतिहास मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम त्या संख्येविषयी. अमेरिकेत वैमानिक नोकरीला लागला की कंपनीच्या ज्येष्ठतायादीत त्याला एक क्रमांक मिळतो. वरचे निवृत्त होतील तसतसा तो क्रमांक वर सरकतो. कोणते विमान चालवावयाचे, कोणत्या गावी मुक्काम ठेवावयाचा, सहवैमानिकाच्या खुर्चीवरून कॅप्टनच्या खुर्चीत केव्हा जावयाचे, नाताळ घरी की आकाशात, हे सर्व त्या क्रमांकावर ठरते. मंदी आली म्हणजे यादीच्या तळापासून माणसे सक्तीच्या बिनपगारी रजेवर जातात. आणि यातली मुख्य मेख अशी की, हा क्रमांक कंपनीपुरताच असतो. पंचवीस वर्षे विमान चालविलेला कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला, तर तिथल्या काल लागलेल्या पोराच्याही खाली त्याचे नाव लागते. वकील आपले अशील घेऊन गाव बदलतो, डॉक्टर आपले नाव घेऊन जातो. वैमानिकाला बरोबर काही नेता येत नाही. म्हणून तो कंपनीशी बांधलेला असतो, आणि कंपनी दुसऱ्याच्या हाती जाण्याची वार्ता आली की पहिला प्रश्न विचारतो: दोन याद्या एकत्र कशा करणार?

समजा, एका लहान कंपनीत सहाशे वैमानिक आहेत आणि तिला घेणाऱ्या मोठ्या कंपनीत सहा हजार. लहान कंपनीतला तीनशेवा माणूस आपल्या यादीच्या बरोबर मध्यावर आहे. प्रमाण धरून याद्या मिसळल्या, तर सहा हजार सहाशेंच्या यादीत तो तीन हजार तीनशेच्या आसपास येतो, म्हणजे पुन्हा मध्यावरच. नोकरीच्या तारखेने मिसळल्या, तर कोणती कंपनी जुनी आणि कोणती अलीकडे झपाट्याने वाढली यावर त्याचे दैव अवलंबून. आणि लहान कंपनीची अख्खी यादी मोठीच्या शेपटीला टाचली, तर तो सहा हजार तीनशेवा होतो. आता मंदीत दहा टक्के कपात झाली असे धरा. सहाशे साठ माणसे जावयाची. म्हणजे लहान कंपनीचे सहाशेच्या सहाशे घरी बसले, आणि मोठीचे फक्त साठ! तीन पद्धती, तिन्हींना न्यायाचे नाव देता येते, आणि प्रत्येकीने त्या एका माणसाचे उरलेले आयुष्य वेगळे होते.

हा तंटा जुना आहे. ‘एअर लाइन पायलट्स असोसिएशन’ ही अमेरिकन वैमानिकांची संघटना १९३१ साली स्थापन झाली. तेव्हापासून विलीनीकरणाचे भांडण तिच्या दोन शाखांतच, म्हणजे एकाच घरातल्या भावाभावांत, पुष्कळदा झाले. जोवर ‘सिव्हिल एअरॉनॉटिक्स बोर्ड’ हे सरकारी मंडळ होते, तोवर विलीनीकरणाला मंजुरी देताना ते नोकरांच्या संरक्षणाच्या अटी घालीत असे. १९७२ साली न्यूयॉर्क राज्यातील ‘मोहॉक’ ही प्रादेशिक कंपनी ‘अ‍ॅलेगेनी’त विलीन झाली. त्या वेळी घातलेल्या अटी पुढे नमुना ठरल्या: याद्या न्याय्य आणि समतोल रीतीने एकत्र कराव्यात, न जमल्यास लवाद नेमावा. परंतु १९७८ च्या कायद्याने विमानधंदा मोकळा झाला, १९८४ अखेर ते मंडळच संपुष्टात आले, आणि त्याचे काम ज्या खात्याकडे गेले त्याने अशा अटी घालण्याचे जवळजवळ सोडून दिले. छत्र गेले, आणि नेमक्या त्याच वेळी कंपन्या गिळण्याचा हंगाम सुरू झाला.

पहिली फ्रंटियर या हंगामात सापडली. १९५० साली मोनार्क, चॅलेंजर आणि अ‍ॅरिझोना एअरवेज या तीन लहान कंपन्या मिळून ती झाली होती. रॉकी पर्वतातल्या खाणींच्या आणि गुराख्यांच्या गावांना डकोटा विमानांनी शहराशी जोडणे हा तिचा मूळ धंदा. आपल्याकडच्या घाटरस्त्याच्या एस.टी.सारखे तिचे लोकांशी नाते होते म्हटले तरी चालेल. १९७३ साली तिने एमिली हॉवेल या बाईंना वैमानिक म्हणून नेमले. महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेच्या नियमित प्रवासी कंपनीने वैमानिकाच्या जागी घेतलेली ही पहिली स्त्री. (आपल्या हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने प्रेम माथूर यांना त्याच्या दोन दशकांहून अधिक आधी ही जागा दिली होती, हे जाता जाता सांगण्यास हरकत नाही.)

१९८५ साली फ्रंटियरवर फ्रँक लोरेन्झो यांची नजर गेली. या गृहस्थांनी १९८३ साली कॉन्टिनेन्टल कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात नेऊन कामगारांचे करार रद्द करविले होते. फ्रंटियरच्या वैमानिकांनी आणि इतर संघटनांनी दोन धन्यांची तुलना केली आणि लोरेन्झोंपेक्षा ‘पीपल एक्सप्रेस’चे डोनाल्ड बर बरे असे ठरविले. बर हे पूर्वी लोरेन्झोंच्याच हाताखाली काम केलेले. स्वस्त तिकिटांची त्यांची कंपनी तेव्हा अमेरिकेचे कौतुक झाली होती. सुमारे ३० कोटी डॉलरना त्यांनी फ्रंटियर घेतली. कामगारांची निवड त्या घटकेला चुकीची होती असे मला वाटत नाही. परंतु बर यांनी डेन्व्हरच्या प्रवाशाला नेवार्कची रीत लावली. जेवणाला पैसे, सामानाला पैसे! प्रवासी रुसले. त्याच विमानतळावर युनायटेड आणि कॉन्टिनेन्टल ही दोन मोठी गलबते उभी होतीच. वर्षाच्या आत फ्रंटियरने धन्यालाही बुडविण्याची वेळ आणली.

१९८६ च्या जुलैत युनायटेडने ती १४ कोटी ६० लाख डॉलरना घेण्याचे कबूल केले. अट एकच: युनायटेडच्या कामगार संघटनांशी करार झाला पाहिजे. वाद पडला तो फ्रंटियरच्या वैमानिकांना युनायटेडचा पगार केव्हापासून द्यावयाचा यावर. कंपनीला ही वाढ काही वर्षांत टप्प्याटप्प्याने द्यावयाची होती. वैमानिकांच्या संघटनेला ते मान्य नव्हते. या हट्टाला कारण होते. नव्या माणसांना त्याच कामाला कमी पगार, या दुहेरी श्रेणीच्या पद्धतीविरुद्ध युनायटेडच्या वैमानिकांनी १९८५ साली २९ दिवसांचा संप केला होता. मागच्या दाराने तीच पद्धत पुन्हा आत येत आहे असे त्यांना दिसले. तत्त्व खरे होते. पण ते ज्यांच्या नावाने लढविले जात होते ते फ्रंटियरचे वैमानिक बैठकीत नव्हते. त्यांचा पगार किती असावा हे कंपनी आणि तिचे आधीचे नोकर ठरवीत होते. बोलणी फिसकटली. २४ ऑगस्ट १९८६ रोजी फ्रंटियरची विमाने जमिनीवर थांबली ती कायमची, आणि चार दिवसांनी कंपनी दिवाळखोरीत गेली. हजारो माणसे एका रविवारी बेकार झाली. कमी पगाराची का होईना, नोकरी मिळाली असती, त्यांना समान पगाराचे तत्त्व मिळाले. अखेरीस पीपल एक्सप्रेससकट फ्रंटियरचे अवशेष कोणाच्या हाती गेले? त्याच लोरेन्झोंच्या.

आपल्याकडे १९५३ साली आठ खाजगी कंपन्यांची विमाने सरकारने दोन महामंडळांत आणली. त्याआधी १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने राष्ट्रीयीकरण लगेच करू नये, असा सल्ला दिला होता. मुंबईच्या एअर सर्व्हिसेस ऑफ इंडियाचा वैमानिक आणि डेक्कन एअरवेजचा वैमानिक एका यादीत आले. पुढे २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या, तेव्हा नव्या ड्रीमलायनरचे शिक्षण कोणाला, या प्रश्नावर २०१२ साली वैमानिकांचा जवळजवळ दोन महिने संप झाला. तेव्हा हे दुखणे केवळ अमेरिकन भांडवलदारीचे आहे असे समजण्याचे कारण नाही. मालक सरकार असले तरी यादी ही यादीच असते.

नवी फ्रंटियर १९९४ साली डेन्व्हरातच निघाली, आणि जुन्या कंपनीतली काही माणसे तिच्या उभारणीत होती. एप्रिल २००८ मध्ये तीही दिवाळखोरीच्या न्यायालयाच्या आश्रयाला गेली. जून २००९ मध्ये इंडियानापोलिसच्या ‘रिपब्लिक’ने तिच्यासाठी सुमारे १० कोटी ८७ लाख डॉलर देऊ केले. रिपब्लिक ही मोठ्या कंपन्यांसाठी लहान जेट विमाने चालविणारी कंत्राटी कंपनी. एवढ्यात टेक्सासची ‘साउथवेस्ट’ मैदानात उतरली आणि ऑगस्टमध्ये तिने आपला आकडा १७ कोटींपर्यंत नेला. अट पुन्हा तीच: दोन्ही कंपन्यांच्या वैमानिक संघटनांत आधी समझोता व्हावा.

फ्रंटियरच्या वैमानिकापुढे पडलेला पेच खरोखर कठीण होता. साउथवेस्टने तोपर्यंतच्या इतिहासात एकाही वैमानिकाला मंदीच्या सबबीवर घरी बसविले नव्हते. तिथला पगार फ्रंटियरहून बराच जास्त. अशा घरात पंगतीच्या टोकाला बसणे हे दिवाळखोराच्या घरी पाटावर बसण्यापेक्षा बरे, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे सोपे नाही. परंतु दुसरी बाजूही होती. साउथवेस्ट केवळ बोइंग चालवीत असे, फ्रंटियर एअरबस. तेव्हा ती विमाने कालांतराने जाणार आणि कॅप्टनची खुर्चीही त्यांबरोबर जाणार, हे उघड होते. आणि टाचलेल्या यादीचे काय होते हे सर्वांनी पाहिले होते. २००१ साली अमेरिकन एअरलाइन्सने टी.डब्ल्यू.ए. घेतली, तेव्हा तिचे निम्म्याच्या आसपास वैमानिक यादीच्या तळाला गेले. त्याच सप्टेंबरात न्यूयॉर्कवर हल्ला झाला आणि कपातीची कुऱ्हाड त्यांच्यावरच पडली.

या टी.डब्ल्यू.ए.चा प्रभाव आणखी एका वाटेने पडला. ती कंपनी मिसुरी राज्याची. तिथल्याच मॅकॅस्किल आणि बाँड या दोन सिनेटरांनी २००७ साली कायदा करवून १९७२ च्या त्या न्याय्य यादीच्या आणि लवादाच्या अटी पुन्हा आणल्या. दुर्बळांच्या रक्षणासाठी झालेल्या या कायद्याचा २००९ साली एक चमत्कारिक परिणाम झाला असे मी समजतो. लवादाकडे गेल्यास तो काय देईल याचा भरवसा राहिला नव्हता. ‘यू.एस. एअरवेज’ आणि ‘अमेरिका वेस्ट’ यांच्या याद्यांवर लवाद निकोलाऊ यांनी २००७ साली दिलेला निवाडा इतका झोंबला, की दुखावलेल्या पक्षाने पुढच्याच वर्षी जुनी संघटना मोडून नवी स्थापन केली. साउथवेस्टच्या वैमानिकांना आपले क्रमांक असे परक्याच्या हाती सोपवावयाचे नव्हते, आणि कंपनीला आपले वैमानिक नाराज करावयाचे नव्हते. म्हणून करार आधी हवा. तोही लिलावाच्या तारखेपूर्वी. दोन संघटनांच्या हाती उरले होते थोडे दिवस. एवढ्या अवधीत आपल्याकडे शेताच्या बांधाचा तंटाही मिटत नाही.

१३ ऑगस्ट २००९ रोजी समझोता झाला नाही म्हणून साउथवेस्टची बोली बाद ठरली आणि सहा कोटींनी कमी देणाऱ्या रिपब्लिकला फ्रंटियर मिळाली. काही जणांनी वैमानिकांना दोष दिला. मला तो पटत नाही. १९८६ साली त्यांच्या पूर्वसूरींच्या नशिबाचा निकाल त्यांना न विचारता लागला. या खेपेस निदान त्यांना विचारले गेले आणि त्यांनी होकार दिला नाही. नकार शहाणपणाचा होता की नाही, हा प्रश्न वेगळा. त्याच्या उत्तराची चुणूक पुढे अटलांटात मिळाली. २०११ साली साउथवेस्टने ‘एअरट्रॅन’ घेतली; तिच्या वैमानिक नेत्यांनी पहिला करार सभासदांपुढे ठेवण्याचेच नाकारले, आणि अखेर नोव्हेंबरात त्याहून कमी देणारा दुसरा स्वीकारला. कित्येक कॅप्टन पुन्हा सहवैमानिकाच्या खुर्चीत आले. खुर्ची गेली, नोकरी आणि मोठा पगार राहिला.

फ्रंटियरच्या माणसांना रिपब्लिकच्या घरातही यादीने सोडले नाही. लवाद आयशेन यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये लहान जेटवाल्यांची आणि एअरबसवाल्यांची एक यादी करून दिली. त्याच वर्षी फ्रंटियरच्या वैमानिकांनी कंपनी तगावी म्हणून पगारात सूट दिली आणि बदल्यात कंपनीत वाटा मिळविला. २०१३ च्या अखेरीस रिपब्लिकने फ्रंटियर इंडिगो पार्टनर्स या गुंतवणूक संस्थेला विकली. आपल्या इंडिगो विमान कंपनीशी तिचा संबंध नाही. एवढ्या खटाटोपाने जुळविलेली यादी पुन्हा वेगळी झाली. २०१६ साली फ्रंटियरच्या वैमानिकांनी आपली स्वतंत्र संघटना एअर लाइन पायलट्स असोसिएशनमध्ये विलीन केली. १९८६ साली युनायटेडशी वाटाघाटीला बसलेली संघटना ती हीच.