संपादकाचा मालक कोण?

हिटलरच्या जर्मनीवर बोललो की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. वर्गात यायचा, आजही येतो. ‘सर, तिथल्या सामान्य माणसांना काहीच कळत नव्हतं का?’ याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज आपण थोडं वळसा घालून, वर्तमानपत्रांच्या वाटेने त्या प्रश्नाकडे जाऊ.

३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला. तेव्हा जर्मनीत सुमारे ४,७०० वर्तमानपत्रं होती, आणि नाझी पक्षाच्या ताब्यात त्यातली तीन टक्केसुद्धा नव्हती. मग एवढा मोठा आवाज बंद कसा झाला?

पहिली पायरी भीतीची. २७ फेब्रुवारीला राइशस्टागला, म्हणजे संसदेच्या इमारतीला आग लागली. दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघाला. भाषण, वृत्तपत्रं, सभा, टपाल आणि टेलिफोनची गोपनीयता, सगळे हक्क स्थगित. ‘पुढील आदेशापर्यंत’ असं त्यात होतं. तो पुढला आदेश १९४५ पर्यंत आलाच नाही! ९ मार्चला म्युनिकमध्ये ‘म्युन्शनर पोस्ट’ या समाजवादी दैनिकाच्या कचेरीवर हल्ला झाला. हा पेपर दहा वर्षांहून जास्त काळ हिटलरवर लिहीत होता. तो कायमचा बंद पडला. त्याच दिवशी फ्रिट्झ गेरलिख या कॅथलिक संपादकाला अटक झाली, आणि पुढल्या वर्षी दाखाऊच्या छळछावणीत त्यांना ठार मारलं.

पण सगळे संपादक मारायची गरज पडत नाही, बरं का. दुसरी पायरी कायद्याची. ४ ऑक्टोबर १९३३ चा संपादक कायदा बघा. सरकारी यादीत नाव असेल तरच पत्रकारिता करता येईल. ज्यू माणसाला त्या यादीत जागा नाही. ज्याची बायको ज्यू, त्यालाही नाही. आणि संपादक यापुढे मालकाला नव्हे, तर राज्याला जबाबदार. राष्ट्राची ताकद कमी करणारं काही छापायचं नाही. आता ताकद कशाने कमी होते, हे ठरवणार कोण? अर्थात सरकार. त्यामुळे प्रत्येक कचेरीत सेन्सॉर बसवावा लागला नाही. संपादक स्वतःच स्वतःचा सेन्सॉर झाला. यादीतून नाव गेलं तर घर कसं चालणार, या काळजीने त्याची लेखणी आपोआप थबकायची.

तिसरी पायरी रोजच्या सवयीची. बर्लिनमध्ये दररोज गोबेल्सच्या मंत्रालयाची पत्रकार बैठक व्हायची. कोणती बातमी घ्यायची, कोणती गाळायची, कुठला शब्द वापरायचा, सगळं तिथे सांगितलं जाई. या सूचना नंतर नष्ट करायच्या, असाही हुकूम होता. म्हणजे वाचकाच्या हातात पेपर रोज पडत होता, नाव तेच, अक्षर तेच, फक्त आत बोलणारा बदलला होता.

आता याचा परिणाम काय? कांट हा जर्मनीचाच तत्त्वज्ञ. १७८६ च्या एका निबंधात त्याने म्हटलं आहे की, विचार इतरांना सांगण्याचं स्वातंत्र्य जो काढून घेतो, तो विचार करण्याचं स्वातंत्र्यही काढून घेतो. आपल्याला वाटतं, तोंड बंद केलं तरी डोकं आपलंच आहे की! पण आपलं कुठे चुकतंय, हे चारचौघांत बोलल्याशिवाय कळत नाही.

गंमत अशी की राज्यकर्तेही आंधळे झाले. लोकांच्या मनात काय आहे, हे पेपरातून कळेना. म्हणून एस.एस.च्या गुप्तचर खात्याला रांगेतल्या, दुकानातल्या गप्पा ऐकून गुप्त अहवाल लिहावे लागले. १९४४ मध्ये ते अहवाल फारच निराशाजनक वाटू लागले, तेव्हा वरिष्ठांनी तेही बंद पाडले.

आणि भीती किती? त्याच म्युनिकमध्ये, १८ फेब्रुवारी १९४३ ला सोफी शोल आणि तिचा भाऊ हान्स विद्यापीठात पत्रकं टाकताना पकडले गेले. त्यांच्या गटाच्या एका पत्रकात पोलंडमधल्या तीन लाख ज्यूंच्या हत्येचा उल्लेख होता. चार दिवसांत त्यांचा शिरच्छेद झाला. ज्याच्या हाती सगळे पेपर आणि रेडिओ, ते सरकार सायक्लोस्टाइल केलेल्या कागदाला घाबरलं.

तर, त्या प्रश्नाकडे येतो. शेजारचं ज्यू कुटुंब नेलं जाताना गल्लीतल्या माणसांनी पाहिलं होतं. सगळे भीतीनेच गप्प होते, असं मी म्हणणार नाही; अनेकांना ते पटत होतं, काहींनी त्या घरांतलं सामान लिलावात विकतही घेतलं. पण ज्यांना पटत नव्हतं, त्यांना आपल्यासारखे आणखी किती आहेत, हे समजायला मार्ग उरला नव्हता. पत्रकाराचं स्वातंत्र्य हा पत्रकाराचा लाड नाही, मंडळी. आपल्याला एकमेकांचा पत्ता लागावा, म्हणून ते हवं असतं.