हातचा कुठे गेला?

मंडळी, बेरजेत हातचा विसरणाऱ्या मुलांना मी शाळेत पुन्हा पुन्हा फळ्यापाशी उभं करत असे. निवृत्तीनंतर तीच चूक माझ्या हातून झाली, तीही एक्सेलच्या साक्षीने. त्या चुकीच्या मागे बराच जुना इतिहास आहे, तो आज सांगतो.

२०१९ साली शाळेच्या वाचनालयासाठी आम्ही माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी जमवली. १८२ जणांनी ५१ रुपयांपासून पुढे जमेल तशी दिली. हिशेब आमच्या खजिनदार अण्णांच्या वहीत होता. मी हौसेने सगळी यादी एक्सेलमध्ये भरली आणि प्रत्येकाची पावती काढून शेवटी एकूण रक्कम सांगणारा एक मॅक्रो लिहिला. तो अर्ध्यावर थांबला आणि म्हणाला, 'रन-टाइम एरर ६, ओव्हरफ्लो'. ओळखीच्या एका तरुणाने उपाय सांगितला, सुरुवातीला 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' अशी ओळ घाला. घातली. एरर गेली, पावत्या निघाल्या, एकूण रक्कम आली ३२,७४०.

अण्णांच्या वहीत होते ४६,१८२. मी भर सभेत म्हणालो, "अण्णा, यंत्र चुकत नाही. तुम्ही बेरीज पुन्हा बघा." अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी बँकेचं पासबुक पाहिलं. ४६,१८२.

आता इतिहास. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी बेसिक ही सोपी भाषा तयार केली. पुढे घरगुती संगणक आले आणि मायक्रोसॉफ्टची बेसिक त्यांवर पोचली. त्या काळी स्मृती फार तोकडी, म्हणून पूर्णांकाला १६ बिटांची जागा मिळे. एक बिट अधिक-उण्याच्या चिन्हाला गेला की उरतात १५. त्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. त्यात एक मिळवा, हातचा येतो आणि ठेवायला घर उरत नाही. यालाच ओव्हरफ्लो म्हणतात. जीडब्ल्यू-बेसिकमध्येही या चुकीचा क्रमांक ६ होता. आजही तोच आहे.

१९९३ साली एक्सेल ५ मध्ये मॅक्रोसाठी व्हीबीए ही भाषा आली, बेसिकच्याच घराण्यातली. 'इंटिजर'ची मर्यादा वारशाने तिच्याकडे आली. तेव्हा एक्सेलच्या पानावर ओळीच १६,३८४ होत्या, त्यामुळे ओळी मोजायला ते माप पुरत होतं. एक्सेल ९७ मध्ये ओळी ६५,५३६ झाल्या, २००७ मध्ये १०,४८,५७६. पान वाढलं, माप तेवढंच राहिलं. म्हणून जुने मॅक्रो मोठ्या यादीवर अजूनही एरर ६ देतात. उपाय एका शब्दाचा आहे: 'इंटिजर'च्या जागी 'लाँग' लिहायचं. त्यात दोनशे चौदा कोटींपर्यंतची संख्या मावते.

माझ्या मॅक्रोत बेरजेचा आकडा 'इंटिजर' होता. 'रिझ्यूम नेक्स्ट'चा अर्थ, चूक झाली तर गप्प बस आणि पुढच्या ओळीवर जा. जी वर्गणी मिळवल्यावर बेरीज ३२,७६७ च्या वर जाई, ती यंत्राने सोडून दिली. लहान रक्कम मावली तर घेतली. अशा ४२ जणांची वर्गणी गळली. मी एरर दुरुस्त केली नव्हती, तिचं तोंड बंद केलं होतं.

आपण एकटेच नव्हे, अशी समजूत घालायला मोठं उदाहरण आहे. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर मोजल्या गेल्या नाहीत. कारण एक्सेलचा जुना फाइल-प्रकार, ६५,५३६ ओळींचा. त्यापुढच्या नोंदी गळाल्या, आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या माणसांना शोधायला उशीर झाला. तिथेही आकडा नेटकाच दिसत होता.

मी ती ओळ काढली, 'लाँग' लिहिलं. बेरीज अण्णांच्या वहीशी जुळली. पुढच्या सभेत, जिथे बोललो होतो तिथेच उभं राहून माफी मागितली. अण्णा हसले, म्हणाले, "गुरुजी, तुमचं यंत्र आधी थांबलं होतं ना? तेव्हाच विचारायचं होतं, बाबा का थांबलास."

चाळीस वर्षं वर्गात मी हेच सांगत होतो: अडलं तर थांबा, विचारा, पुढचं गणित घेऊ नका. यंत्राने माझं ऐकलं होतं. मीच त्याला गप्प केलं.

असो. तुमच्या मॅक्रोत ती ओळ असेल तर आज एकदा काढून चालवून बघा.