खेळगडी आणि लग्नगडी

दादरा-नगर हवेली म्हटले की आम्हां गोमंतकीयांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. 1954 सालचा तो पावसाळा. 22 जुलैला दादरा, मग नरोली आणि 2 ऑगस्टला सिल्वासा. पोर्तुगीज झेंडा उतरला, तिरंगा चढला. आझाद गोमंतक दलाचे तरुण, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, संघाचे स्वयंसेवक आणि त्यांच्यात गायक-संगीतकार सुधीर फडके. प्रशासक फिदाल्गो शिपाई घेऊन खानवेलकडे माघारी गेला आणि 11 ऑगस्टला शरण आला. गोवा मुक्त व्हायला अजून सात वर्षे होती, पण पहिली वीट निखळली ती इथे. त्यामुळे हा मुलूख आम्हाला कधी परका वाटला नाही.

काही वर्षांपूर्वी मी सिल्वासाला गेलो तो हेच चित्र मनात घेऊन. ओळखीच्या एका शिक्षकांनी म्हटले, "खेरडीला एक लग्न आहे, येता का?" मी लगेच होकार दिला.

खेरडी हे सिल्वासा सोडून खानवेलच्या अंगाला असलेले गाव. वारली, कोकणा, धोडिया अशा लोकांची वस्ती. मांडवात जाऊन बसलो. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला होता, मध्ये पालघट देवी. सवाष्णींनी लिहिलेला. धवलेरी गात होती. वारल्यांचे लग्न लावणारी ही बाई, भटजीच्या जागी. तिच्या बोलीतले निम्मेअधिक शब्द मला न विचारता कळत होते. आमच्या मराठी-कोंकणीच्या घरातलीच ती भाषा! आणि नवरीच्या मांडीवर तीनेक वर्षांचा एक मुलगा झोपला होता.

"भाचा का?" मी हळूच विचारले.

"त्यांचाच मुलगा," शिक्षक म्हणाले. "तारप्याच्या नाचात ओळख झाली. त्या वेळी दोघांच्याही घरी अडचण होती. एकत्र राहायला लागली. आता पैसे जमले, म्हणून लग्न."

खरे सांगतो, माझ्या मनातला सारस्वती पांढरपेशा जागा झाला. तोंडाने काही बोललो नाही, पण भुवया वर गेल्या असणार. शिक्षकांनी त्या पाहिल्या. म्हणाले, "गोदावरी परुळेकर वाचा."

घरी परतल्यावर वाचले. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक 1970 साली आले, 1972 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात मला एक शब्द भेटला, आणि तो काही केल्या डोक्यातून जाईना. लग्नगडी.

मराठीत 'गडी' शब्दाला दोन तोंडे आहेत. एक सोबती, म्हणजे खेळगडी. दुसरा चाकर, म्हणजे घरगडी. वारल्यांच्या मुलुखात एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जायला एकच गोष्ट पुरे होत असे, ती म्हणजे लग्न.

ते असे. पावसाळा सरत आला, शेतात पीक उभे राहिले की तारपा वाजू लागतो. दुधी भोपळा आणि बांबू यांचे ते लांबलचक वाद्य. वाजवणारा मध्ये आणि त्याच्याभोवती हात गुंफून मुलामुलींचा फेर. इथे, बाजारात, शेताच्या बांधावर पोरवयातले मन जडायचे. मुलीला पसंती-नापसंतीचा शब्द होता. पुढे मात्र मुलाच्या बाजूने मुलीच्या बापाला देज द्यावे लागे. शिवाय धान्य, ताडी, गावजेवण. घरात पिकवलेले धान्य पावसाळ्यापर्यंतही पुरत नसे, तिथे हे कुठून आणायचे? मग मुलगा जमीनदाराच्या किंवा सावकाराच्या दारात उभा राही. पैसे मिळत. त्या बदल्यात कर्ज फिटेपर्यंत चाकरी. एकट्याची नव्हे, बायकोचीही. हिशेबाची वही सावकाराच्या हाती आणि याला अक्षर ठाऊक नाही. ते कर्ज फिटणार कधी? माणूस म्हातारा होई आणि त्याचे पोर त्याच दारात राबू लागे. ज्या मुलीसाठी त्याने हे कर्ज काढले, तिला मालकाच्या नजरेपासून वाचवण्याचीही ताकद त्याच्यात उरत नसे.

ही केवळ एका पक्षाच्या कार्यकर्तीची तक्रार नव्हती. 1930 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारचे अधिकारी सायमिंग्टन यांनी या आदिवासी भागांची पाहणी केली, त्यांच्या अहवालातही लग्नाच्या कर्जापायी गुलाम झालेली माणसे आहेत. उत्तरेला सुरत जिल्ह्यात दुबळा समाजाचे 'हाळी' असत. त्यांचीही चाकरी बहुधा लग्नाच्या कर्जापासूनच सुरू होई.

23 मे 1945 रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी सुमारे 5000 वारली जमले. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, असे ठरले. पुढच्या काही आठवड्यांत किसान सभेचे लोक गावोगाव फिरले आणि लग्नगडी जमीनदारांच्या वाड्यांतून बाहेर पडले. त्याची किंमतही मोजावी लागली. ऑक्टोबर 1945 मध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले.

तलासरी म्हणजे नगर हवेलीची शेजारीण. 1783 मध्ये मराठ्यांनी जहाजाच्या नुकसानभरपाईपोटी नगर हवेलीचा महसूल पोर्तुगिजांना लावून दिला, तेव्हा सीमा आखली गेली कागदावर. सोयरीक, बोली, देव आणि तारपा यांना ती सीमा कधी कळलीच नाही. हवेलीत पोर्तुगिजांनी 1919 च्या शेती-कायद्याखाली जमिनी 'अल्वारा'ने दिल्या. अल्वारा म्हणजे काय हे गोव्याच्या वाचकाला सांगायला नको. 1954 मध्ये सिल्वासावर तिरंगा चढला तरी हे अल्वारे रद्द व्हायला 1971 चा जमीन सुधारणा कायदा यावा लागला. वेठबिगारी देशभर कायद्याने संपली ती 1976 मध्ये. त्या कायद्यात वेठीच्या प्रकारांची जी लांब यादी आहे, तिच्यात 'हाली' हा शब्द आहे.

आता खेरडीच्या मांडवातल्या त्या मुलाकडे पुन्हा पाहू या.

ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले की लग्नासाठी कर्ज काढले की माणूस जातो, त्याने काय करावे? प्रेम तर थांबत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मनाला सावकाराची वही दिसत नाही. मग त्या समाजाने वाटा काढल्या. एक वाट घरजावयाची. देज देता येत नसेल तर मुलाने सासऱ्याच्या घरी काही वर्षे राबायचे. श्रम तेच, पण आपल्या माणसांच्या शेतात. बाप गेलेल्या, घर मोडलेल्या पोराला यातून दुसरे घरही मिळे. दुसरी वाट म्हणजे आधी संसार, मग लग्न. दोघांनी एकत्र राहावे, गावाने ते मान्य करावे, आणि चार पैसे जमतील तेव्हा धवलेरीला बोलवावे. मध्ये मूल झाले तर ते मांडवात आईच्या मांडीवर बसेल. कोणी त्याला नावे ठेवत नाही. ज्याला मी मनातल्या मनात सैलपणा म्हटले होते, ती लग्नगडी न होण्याची युक्ती होती.

आणि आपण गोवेकरांनी तरी भुवया का वर कराव्यात? आपल्याकडे दोघे आधी नोंदणी कार्यालयात जाऊन सह्या करतात. दुसरी सही झाली की कायद्याने नवरा-बायको. तरीही अक्षता पडेपर्यंत मुलगी माहेरीच. कायदा आधी, विधी नंतर. खेरडीत संसार आधी, विधी नंतर. क्रमाचाच काय तो फरक! आणि आपला मुंडकार तरी कोण होता? भाटकाराच्या जागेत राहून त्याच्या हाकेला धावणारा. त्याला घराचे संरक्षण देणारा कायदा आला 1975 मध्ये, म्हणजे मुक्तीनंतर चौदा वर्षांनी.

मी या रीतीचे गोडवे गात नाही. कोवळ्या वयातला संसार मुलीच्या शरीराला आणि शिक्षणाला महाग पडतो. 2012 च्या पॉक्सो कायद्याने अठराची रेघ आखली, त्यामागे कारण आहे. पण ती रेघ ओलांडणाऱ्या प्रत्येक पोराला गुन्हेगार ठरवण्याआधी, त्याच्या घरातली चूल पेटते का, बाप कुठे आहे, शाळा किती दूर आहे, हे विचारावे. अडचणीतल्या घरातून पळणारी पोरे बहुतेकदा दुसऱ्या घराच्या शोधात असतात. त्यांच्या पूर्वजांनी हे ओळखले होते.

आज हवेलीत कारखाने आहेत, पगार आहेत. 2020 पासून दीव-दमणसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. 2011 च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीतील सुमारे 52 टक्के लोक आदिवासी होते. सीमेच्या दोन्ही बाजूंना सामूहिक विवाह होतात, त्यांत मुलाबाळांसह बोहल्यावर चढणारी जोडपी दिसतात.

त्या दिवशी मांडवात गाणे संपले तेव्हा झोपलेला मुलगा जागा झाला. हळद लागलेल्या बापाने त्याला उचलून खांद्यावर घेतले आणि तसाच पुढच्या विधीला उभा राहिला. शिक्षक म्हणाले, "याच्या लग्नाचे एक पैशाचेही कर्ज नाही."

2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले हे आम्ही लहानपणापासून पाठ केले आहे. खेरडीचा हा नवरा केव्हा मुक्त झाला, त्याची तारीख मात्र कुठल्या पुस्तकात नाही. मी ती त्या दिवसाची धरतो.