काशीत शिकायला जाताना : महाविद्यालयाची निवड आणि पुढची वर्षे

वाराणसीत मणिकर्णिका घाटावरून गंगेच्या काठाने उत्तरेकडे निघाले की शिंदे घाटानंतर संकठा घाट लागतो. वरच्या गल्लीत संकटा देवीचे मंदिर आहे. घाटाच्या बांधकामाशी नागपूरकर भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित यांच्या घराण्याचे नाव जोडले जाते. पुढे भोसले घाट, राम घाट, जटार घाट, बालाजी घाट आणि दुर्गा घाट या टापूत मराठी घराण्यांच्या खुणा पावलोपावली भेटतात. या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुले शिकायला येऊन राहिली. राम घाटावरील सांगवेद विद्यालयात वेदशास्त्रांचे अध्यापन आजही चालते.

बारावीनंतर वाराणसीचा विचार करणारा विद्यार्थी आता बहुधा हिंदू विश्वविद्यालयाचे नाव ऐकून येतो. मात्र एकाच शहरात विद्यालय, महाविद्यालय आणि विद्यापीठ या शब्दांचे किती वेगवेगळे अर्थ असू शकतात, हे काशीइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसते. निवड करताना होणाऱ्या बऱ्याच चुकांचे मूळ या शब्दांच्या सरमिसळीत आहे.

पदवी कोण देणार?

पहिला प्रश्न हाच विचारावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमानुसार पदवी देण्याचा अधिकार केंद्रीय, प्रांतीय किंवा राज्य कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. महाविद्यालय शिकवते, पदवी त्याचे विद्यापीठ देते. म्हणून इमारतीवरील पाटीपेक्षा पदवीपत्रावर छापले जाणारे नाव महत्त्वाचे.

काशीचे उदाहरण घ्यावे. १७९१ मध्ये जोनाथन डंकन यांच्या पुढाकाराने येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचेच १९५८ मध्ये वाराणसेय संस्कृत विश्वविद्यालय झाले आणि १९७४ मध्ये त्याला संपूर्णानंद यांचे नाव मिळाले. त्याच्याशी संलग्न पाठशाळेत शिकलेल्याला शास्त्री ही बी.ए.च्या आणि आचार्य ही एम.ए.च्या तोडीची पदवी मिळते. संलग्न नसलेल्या पाठशाळेतील अध्ययन कितीही सखोल असले, तरी नोकरीच्या अर्जात ते पदवी म्हणून लिहिता येत नाही. अशा पाठशाळेत जाऊ नये असा याचा अर्थ नव्हे. आपण विद्येसाठी जात आहोत की पदवीसाठी, की दोन्हींसाठी, हे प्रवेशापूर्वी घरात स्पष्ट बोलले जावे, एवढेच.

नावांचा घोळ किती महाग पडू शकतो, हेही याच विद्यापीठाच्या निमित्ताने दिसले. ‘वाराणसेय संस्कृत विश्वविद्यालय’ हे जुने नाव लावणाऱ्या, दिल्लीतील जगतपुरीचा पत्ता देणाऱ्या एका संस्थेचा समावेश आयोगाच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत अनेक वर्षे होता. महाराष्ट्रातून नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचे नाव या याद्यांत वारंवार आले आहे. ही यादी आयोगाच्या संकेतस्थळावर असते आणि ती पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. विधी, वैद्यक, औषधनिर्माण, अध्यापनशास्त्र अशा अभ्यासक्रमांना संबंधित परिषदेची मान्यताही लागते. ती संस्थेला आहे की त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला, आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे लेखी पाहावे.

एक पदवी, अनेक दारे

पंडित मदनमोहन मालवीय यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयाचा मुख्य परिसर शहराच्या दक्षिण टोकाला आहे. परंतु वसंत कन्या महाविद्यालय, आर्य महिला महाविद्यालय, डी.ए.व्ही. महाविद्यालय आणि राजघाटावरील वसंत महिला महाविद्यालय ही चार महाविद्यालयेही त्याच्याशी जोडलेली आहेत. पदवी तीच, वर्ग, वसतिगृह, ग्रंथालयापर्यंतचे अंतर आणि दैनंदिन खर्च मात्र वेगळा. राजघाट तर शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला येतो. शहरात याशिवाय १९२१ मध्ये असहकाराच्या काळात उभे राहिलेले काशी विद्यापीठ आहे. लालबहादूरांच्या नावातील ‘शास्त्री’ ही त्याच विद्यापीठाची पदवी; ते आडनाव नव्हे.

हिंदू विश्वविद्यालयाचे पदवी प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या सामायिक परीक्षेतून होतात आणि ही परीक्षा मराठीसह तेरा भाषांतून देता येते. मात्र परीक्षेची भाषा आणि वर्गाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात हिंदी आणि इंग्रजी चालते. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला देवनागरीमुळे वाचन सोपे जाते आणि त्यामुळेच त्याची फसगत होते. उत्तरपत्रिका हिंदीत लिहायला बसल्यावर शब्द अडतात. पहिल्या सत्राआधीच दोन महिने रोज एक पान हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिण्याचा सराव ठेवलेला बरा.

संस्थांच्या क्रमवारीचे काय? केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते. ती दुर्लक्षिण्यासारखी नाही, पण विद्यार्थी संपूर्ण विद्यापीठात शिकत नसतो. तो एका विभागात शिकतो. त्या विभागात नियमित अध्यापक किती, कोणत्या जागा रिकाम्या, प्रयोगशाळा चालू आहे का, हे प्रश्न क्रमांकापेक्षा जास्त सांगतात. नॅकच्या श्रेणीलाही मुदत असते. जुनी श्रेणी माहितीपत्रकावर मिरवणाऱ्या संस्था कमी नाहीत. शक्य असल्यास प्रवेशापूर्वी एकदा प्रत्यक्ष जावे. तेही कामकाजाच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास. ग्रंथालयात त्या वेळी किती विद्यार्थी बसलेले आहेत, हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

शिक्षकाच्या शोधात

महाविद्यालयाची निवड ही अखेरीस माणसांची निवड असते, याचा जुना दाखला बापूदेव शास्त्री यांचा आहे. हे मराठी गणिती नागपुरात लीलावती आणि बीजगणित शिकत होते. तेथे लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची बुद्धी हेरली आणि त्यांना भोपाळजवळच्या सिहोरच्या पाठशाळेत नेले. भारतीय सिद्धांत-ज्योतिष आणि युरोपीय गणित हे दोन्ही एका ठिकाणी मिळण्याची सोय तेव्हा फारच थोड्या जागी होती. सिहोर हे काही विद्येचे माहेरघर नव्हे. पण हवा तो विषय आणि हवा तो शिक्षक तेथे होता. १८४० च्या दशकाच्या प्रारंभी ते काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले. त्यांनी केलेला सूर्यसिद्धांताचा इंग्रजी अनुवाद १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. थेट काशीला जाण्यापेक्षा आधी सिहोरला जाणे त्यांच्या हिताचे ठरले. गावाच्या कीर्तीवर निवड करणाऱ्या पालकांनी हा प्रवास नकाशावर एकदा पाहावा.

याउलट विनायक नरहरी भावे. १९१६ च्या मार्चमध्ये हा बडोद्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला आणि सुरतेला गाडी बदलून काशीला पोहोचला. दुर्गा घाटाजवळ राहणे, अन्नछत्रात जेवणे, ग्रंथालयात वाचन असा त्यांचा क्रम होता. हिंदू विश्वविद्यालयातील गांधीजींच्या भाषणाचा वृत्तांत वाचून त्यांनी गांधीजींना पत्र लिहिले आणि जूनमध्ये ते अहमदाबादच्या आश्रमात दाखल झाले. ते विनोबा झाले हे खरे, पण परीक्षा सोडणारा प्रत्येक जण विनोबा होत नाही. आज अभ्यासक्रम सोडण्याची वेळ आलीच, तर नव्या शैक्षणिक धोरणाखाली अनेक विद्यापीठांत एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि श्रेयांक जमा ठेवण्याची तरतूद आहे. तिच्या अटी प्रत्येक विद्यापीठात सारख्या नसतात. त्या प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवाव्यात.

प्रवेशानंतर

मिळालेल्या संस्थेचा उपयोग करून घेणे हे निवडीपेक्षाही कठीण काम आहे. केंब्रिजहून परतलेले विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ मध्ये हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवू लागले. त्यांचे पुत्र जयंत याच परिसरात वाढले. घरात भिंतीवर फळे होते. एम.एस्सी.साठी राहायला आलेले त्यांचे मामा फळ्यावर एखादे कूट लिहून ठेवत आणि भाच्याने ते सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते तसेच राही. १९५७ मध्ये येथून बी.एस्सी. होऊन जयंत नारळीकर केंब्रिजला गेले. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्रातील पहिले नगर बनारस आहे.

प्रत्येकाला असा मामा लाभत नाही. फळा मात्र कोणत्याही वसतिगृहाच्या खोलीत लावता येतो. दोन-तीन सहाध्यायांनी आठवड्याला एक अवघड प्रश्न एकमेकांना द्यावा. शिकवणीला पैसे देऊन न मिळणारा सराव त्यातून होतो. अध्यापकांना भेटायला जाताना ‘समजले नाही’ एवढेच न म्हणता कोठपर्यंत समजले ते लिहून न्यावे. ग्रंथालयाचा परिचय पहिल्याच आठवड्यात करून घ्यावा. हिंदू विश्वविद्यालयाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव आहे, तर संस्कृत विश्वविद्यालयाच्या सरस्वती भवनात हजारो हस्तलिखिते जपलेली आहेत.

व्यवहाराच्या काही बाबी थोडक्यात. मूळ गुणपत्रिका संस्थेने केवळ पडताळणीसाठी पाहायच्या असतात, ठेवून घ्यायच्या नसतात. आयोगाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले. प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत मिळण्याच्या मुदती ठरलेल्या असतात, त्या चुकवू नयेत. रॅगिंगविरोधी नियम २००९ पासून लागू आहेत आणि १८००-१८०-५५२२ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते. घरापासून दूर गेलेल्या मुलाने हा क्रमांक पाठ ठेवावा, पालकांनीही.

वसतिगृह न मिळालेले काही विद्यार्थी जुन्या शहरात खोली शोधतात. संकठा घाट ते दुर्गा घाट या गल्ल्यांत रिक्षा शिरत नाही. सामान हातानेच न्यावे लागते. शिवाय पावसाळ्यात गंगा चढली की पायऱ्या पाण्याखाली जातात, घाटाघाटांतून चालत जाण्याची वाट बंद होते आणि गल्लीगल्लीतून वळसा घ्यावा लागतो. नवे सत्र नेमके त्याच सुमारास सुरू होते. उन्हाळ्यात पाहून ठरवलेली खोली वर्गापासून किती दूर आहे, हे विचारताना पावसाळ्यातला रस्ता कोणता, हेही घरमालकाला विचारावे.