एचटीएमएलचे मूलघटक

एचटीएमएलचे मूलघटक : वेबपृष्ठातील अमुक ओळ मथळा होय, तमुक मजकूर परिच्छेद होय, असे ब्राउझरास कळविणाऱ्या खुणा. सर्न या जिनीव्हानजीकच्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली केलेल्या पहिल्या वर्णनात अवघे अठरा घटक होते. सामान्यतः घटकास कोनी कंसातील आरंभखूण व तिरप्या रेषेची अंतखूण असते आणि मजकूर या दोहोंमध्ये येतो. चित्रासारख्या काही घटकांस मात्र अंतखूण नसते.

पृष्ठाचे ‘हेड’ व ‘बॉडी’ असे दोन भाग पडतात. हेडमधील मजकूर पृष्ठावर दिसत नाही, म्हणून तो दुर्लक्षिला जातो. परंतु अक्षरसंकेत आणि ब्राउझरच्या शीर्षपट्टीवर झळकणारे ‘टायटल’ यांची नोंद तेथेच होत असल्यामुळे, २०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचे अधिकृत नाव धाराशिव झाल्यावर ज्याने केवळ दर्शनी मथळा बदलून टायटल तसेच ठेवले असेल, त्याचे काम निम्मेच झाले असे म्हटले पाहिजे.

बॉडीत ‘एच१’ ते ‘एच६’ हे मथळे उतरत्या दर्जाने येतात : ‘धाराशिव जिल्हा’ पहिला, ‘तालुके’ दुसरा, तुळजापूर, परंडा, उमरगा इत्यादी तिसरे. केवळ अक्षर ठळक दिसावे म्हणून मथळ्याचा घटक योजणे हा अव्यापारेषु व्यापार होय. परिच्छेदास ‘पी’, यादीस ‘यूएल’ वा ‘ओएल’ आणि दुव्यास ‘ए’ हे घटक आहेत.

‘टेबल’ या घटकाची योग्यता सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून उत्तम ध्यानी येते. गाव नमुना सातमध्ये भोगवटादार व क्षेत्र, तर गाव नमुना बारामध्ये पिके; प्रत्येक रकान्यास शीर्षक आणि प्रत्येक नोंदीस तिची ओळ. ओळ ‘टीआर’ने, रकान्याचे शीर्षक ‘टीएच’ने व त्याखालील नोंद ‘टीडी’ने दाखविली, म्हणजे दृष्टिहीन खातेदाराचे वाचकयंत्रही कोणता आकडा कोणत्या रकान्यातला ते सांगू शकते. एकेकाळी पृष्ठाची मांडणी साधण्यासाठी कोष्टकांचा जो सर्रास वापर झाला, त्याने हाच अर्थ बुजविला.

चित्राचा ‘आयएमजी’ घटक मार्क अँड्रीसन यांनी १९९३ साली सुचविला. त्याच्या ‘ऑल्ट’ या गुणधर्मात ‘नळदुर्ग किल्ल्यातील बोरी नदीवरचा पाणीमहाल’ असे शब्दांत लिहावे. ‘फोटो’ एवढाच शेरा निरुपयोगी. संपूर्ण जाहीर सूचनाच चित्ररूपाने चढविण्याची आपल्याकडील दप्तरी सवय तर याहून वाईट, कारण त्या सूचनेतील एकही शब्द मजकूर म्हणून उरत नाही.

भाषा सांगणारा ‘लँग’ हा गुणधर्म मराठीसाठी ‘एमआर’ असा लिहितात. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने तत्कालीन राजभाषा उर्दूतील फर्माने व मोडीतील कागद यांचे पाठ जालावर मांडताना त्याची विशेष आवश्यकता भासते. उर्दू पाठास ‘डीआयआर’ या गुणधर्माने उजवीकडून डावीकडे अशी दिशा द्यावी लागते. मोडीस २०१४ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले असून तिची दिशा देवनागरीप्रमाणेच डावीकडून उजवीकडे आहे. या कामास नवा घटक लागत नाही. परिच्छेदाचा ‘पी’ पुरतो.