रांग का खोळंबते?

मित्रहो, तालुक्याच्या गावी उताऱ्यासाठी रांगेत उभे राहण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर आलेला असेल. पीककर्जाची मुदत उद्या संपायची असते, सोसायटीचे सेक्रेटरी आठ-अ मागत असतात, आणि खिडकीतला मुलगा मान वर न करता सांगतो, "सर्व्हर स्लो आहे. जेवणानंतर या." तोवर घराकडची एस. टी. निघून जाते. दोष कधी विजेचा असतो, कधी तारेचा. पण कधी कधी खरोखरीच त्या दूरच्या यंत्राचा असतो. मग रांगेतले कोणीतरी म्हणतात, "मोठे यंत्र आणा, म्हणजे झाले!"

एवढ्याने भागते काय? या प्रश्नाचे उत्तर गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या इतिहासात सापडते. तो इतिहास ऐकताना आपल्याला परके वाटायचे कारण नाही. कारण सर्व्हर म्हणजे तरी काय? एक मोठे दप्तर आणि ते सांभाळणारा एक अतिशय चपळ, पण स्वतःची अक्कल नसलेला कारकून! हजारो माणसे एकाच वेळी त्याच्याकडे प्रश्न घेऊन येतात, आणि त्याला प्रत्येकाला बरोबर उत्तर द्यायचे असते.

सुरुवात १९५६ सालापासून करू. त्या वर्षी अमेरिकेतील आय. बी. एम. कंपनीने फिरत्या तबकड्यांचे पहिले यंत्र बाजारात आणले. पन्नास तबकड्या, त्यांवर मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे. हवी ती नोंद गाठायला या यंत्राला सरासरी अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागे. आज फिरत्या तबकडीला या कामाला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. हा वेळ आपल्याला नगण्य वाटेल. पण तेवढ्यात संगणकाचा मेंदू कोट्यवधी बेरजा करून मोकळा होतो. म्हणजे यंत्राचा वेळ हिशेबात फारसा जात नाही. तो जातो कपाटापर्यंतच्या हेलपाट्यांत. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, की पुढची कहाणी सोपी होते.

१९६० नंतरच्या काळात ज्या पद्धतीने दप्तरे ठेवली जात, तिच्यात एका नोंदीला दुसरी नोंद साखळीसारखी जोडलेली असे. चार्ल्स बाकमन हे त्या पद्धतीचे मोठे आचार्य. उत्तर हवे असेल, तर कोणत्या कडीवरून कोणत्या कडीवर जायचे, ते कार्यक्रम लिहिणाऱ्याला स्वतः ठाऊक असावे लागे. रानातल्या वाटा ठाऊक असलेला वाटाड्या जसा, तसा तो. पण वाटाड्या गावी गेला किंवा वाट बदलली, की सारे अडले!

१९७० सालच्या जून महिन्यात एडगर कॉड या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. ते आय. बी. एम. च्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत काम करीत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : सगळी माहिती साध्या तक्त्यांत मांडा, ओळी आणि रकाने यांत. विचारणाऱ्याने काय हवे एवढेच सांगावे. कसे शोधायचे ते यंत्राने पाहावे. यालाच रिलेशनल डेटाबेस असे नाव पडले.

कल्पना सुरेख होती, पण जाणत्यांनी मान हलवली. ते म्हणाले, "कागदावर ठीक आहे हो, पण हे चालणार कसे? फार हळू होईल." १९७४ साली मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे बाकमन आणि कॉड यांच्या दोन पक्षांचा जाहीर वादही झाला. एक उत्तम कल्पना केवळ संथपणाच्या भीतीने टाकून दिली जाण्याची वेळ आली होती. ती टिकली, ती मोठ्या यंत्रामुळे नव्हे. यंत्राचे फुकट जाणारे श्रम एकेक करून कमी करण्यात आले, म्हणून ती टिकली.

त्यांतला पहिला उपाय आपल्या तलाठी दप्तरात फार पूर्वीपासून आहे. सातबारा कशाच्या क्रमाने लावलेला असतो? गट नंबराच्या. नंबर सांगा, पान लगेच निघते. पण "अमुक पाटलांच्या नावे गावात कोठे कोठे जमीन आहे?" असे विचारले, तर सगळे दप्तर चाळावे लागेल. म्हणून भाऊसाहेब आठ-अ ठेवतात : खातेदाराचे नाव आणि त्यापुढे त्याचे सगळे गट. हीच सूची; संगणकवाले तिला इंडेक्स म्हणतात. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट या दोघांनी बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करताना तिची एक नामी रचना शोधली आणि १९७२ साली ती छापून प्रसिद्ध झाली. तिचे नाव बी-ट्री. गुरुजनहो, मुलांना हा हिशेब जरूर घाला : सूचीच्या एका पानावर शंभर वाटा असतील, तर एका पायरीत शंभर, दोन पायऱ्यांत दहा हजार, तीन पायऱ्यांत दहा लाख आणि चार पायऱ्यांत दहा कोटी नोंदींतून हवी ती एक सापडते. दहा कोटी पाने चाळण्याऐवजी चार हेलपाटे!

मात्र सूची फुकट मिळत नाही. जमीन विकली गेली, की सातबाऱ्याबरोबर आठ-अ देखील दुरुस्त करावा लागतो. दहा सूच्या ठेवल्या, तर एका नोंदीसाठी दहा ठिकाणी लिहिणे आले. जे प्रश्न रोज विचारले जातात त्यांच्यासाठीच सूची ठेवावी. हौसेने ठेवू नये.

दुसरा उपाय म्हणजे वाट निवडणे. सूची असली तरी ती नेहमी उपयोगी पडतेच असे नाही. गावातल्या एका खातेदाराची जमीन पाहायची, तर सूची उत्तम. पण निम्म्या गावाची माहिती हवी असेल, तर सूचीत पाहा, कपाटाकडे जा, पुन्हा सूचीत पाहा, असे करण्यापेक्षा दप्तर पहिल्या पानापासून सरळ वाचून काढलेले बरे. मग यातले कधी काय करायचे, हे यंत्राला कोणी सांगायचे? पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७९ साली याचे उत्तर दिले. यंत्राने दप्तराची मोजदाद जवळ ठेवावी, प्रत्येक वाटेचा अंदाजे खर्च काढावा, आणि सर्वांत स्वस्त वाट धरावी. कॉड यांच्या कल्पनेवरचा मोठा आक्षेप यामुळे निकालात निघाला. पण मोजदाद जुनी झाली, की अंदाज चुकतो. पंचवीस वर्षांपूर्वीच्या खानेसुमारीवरून आज रेशनचे धान्य मागवले तर जे होईल, तेच येथेही होते. म्हणून ही मोजदाद वरचेवर ताजी करावी लागते.

आता गर्दीचा प्रश्न घेऊ. दोन माणसे एकाच नोंदीवर एकाच वेळी लिहू लागली, तर घोटाळा होणार. म्हणून एकाचे लिहिणे चालू असेतो नोंदीला कुलूप लावतात. १९७६ च्या सुमारास जिम ग्रे व त्यांचे सोबती यांनी या कुलपांचे नियम बांधून दिले. एका गटाची नोंद बदलायची तर त्या पानापुरतेच कुलूप असावे, साऱ्या कपाटाला नको. आणि कुलूप लावून चहाला जाऊ नये! लवकर काम संपवावे आणि लवकर सोडावे.

त्याच प्रयोगशाळेत एक विचित्र गोष्ट दिसून आली. तिचे वर्णन १९७९ साली प्रसिद्ध झाले. कल्पना करा, कचेरीत एकच शिक्का आहे. प्रत्येक कारकुनाला तो वरचेवर लागतो, पण क्षणभरच. एकदा शिक्का हातात असतानाच एका कारकुनाला साहेबांनी आत बोलावले. झाले, बाकीच्यांची रांग लागली. तो परत आला, पण रांग काही मोडेना! कारण शिक्का ज्याचा नंबर त्याच्याच हाती द्यायचा, असा नियम. ज्याने आत्ताच शिक्का मारला, त्याला पुढच्या कागदासाठी पुन्हा शेवटी जाऊन उभे राहावे लागे. सगळा वेळ टेबलावरून उठण्यात आणि रांगेत शिरण्यात जाई. उपाय काय केला? शिक्का कोणाच्या हाती न देता मोकळा ठेवायचा. ज्याचा हात कामात आहे त्याने उचलावा. एवढ्याने रांग विरून गेली. नवे यंत्र आणावे लागले नाही.

चौथी गोष्ट फेरफाराची. जमिनीचा व्यवहार झाला, की नोंद आधी फेरफाराच्या वहीत होते आणि प्रमाणित झाल्यावर सातबाऱ्यावर येते. डेटाबेसही असेच करतो. बदल आधी एका वहीत ओळीने लिहून काढतो. मूळ पाने मागाहून, सवडीने दुरुस्त करतो. मध्येच वीज गेली, तरी वही वाचून सगळे पुन्हा उभे करता येते. वहीत ओळीने लिहायचे असल्यामुळे हेलपाटे वाचतात. गर्दी फार असेल, तर अनेकांचे बदल एकाच खेपेत वहीत उतरवतात. टपालाची थैली एका पत्रासाठी निघत नाही, तसेच हे.

पाचवी गोष्ट आठवणीची. रोज लागणारे कागद कारकून टेबलावरच ठेवतो. पण टेबल केवढे असावे? १९८७ साली ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी त्या वेळच्या किमतींवरून हिशेब मांडला, की जे पान पाच मिनिटांतून एकदा तरी लागते, ते आठवणीत ठेवणेच परवडते. पुढे किमती बदलल्या, आणि मिनिटांचा आकडाही बदलत गेला. हिशेबाची रीत मात्र उपयोगी राहिली.

आणि हे सगळे सुधारले की नाही, ते ठरवायचे कसे? १९८५ साली ग्रे यांच्या पुढाकाराने बँकेतील जमाखर्चावर आधारलेली एक कसोटी प्रसिद्ध झाली. शंभरांपैकी पंचाण्णव व्यवहारांना एका सेकंदाच्या आत उत्तर मिळाले पाहिजे, अशी तिची अट होती. पाहा, येथे सरासरी विचारलेली नाही. सरासरी चांगली असूनही रांगेतला दहावा माणूस दुपारपर्यंत ताटकळू शकतो; ही अट त्याची आठवण ठेवते. अशा कसोट्या ठरवण्यासाठी १९८८ साली कंपन्यांनी मिळून एक मंडळही स्थापन केले. ग्रे यांना १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. २००७ च्या जानेवारीत आईच्या अस्थी समुद्रात सोडण्यासाठी ते सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच नाव घेऊन गेले, ते परतले नाहीत. पुष्कळ शोधूनही त्यांचा पत्ता लागला नाही.

तेव्हा मित्रहो, रांग खोळंबली की प्रथम पाहावे, ती नेमकी कोठे खोळंबते. कोणता प्रश्न वेळ खातो? सूची नाही म्हणून, की मोजदाद जुनी आहे म्हणून? कोणी कुलूप लावून बसले आहे काय? टेबल अपुरे पडते काय? हे सगळे पाहून झाल्यावरही काम पुरत नसेल, तर मोठे यंत्र जरूर आणावे. न पाहता आणले, तर तेच फुकटचे हेलपाटे जरा लवकर होतील, इतकेच.

शिक्षकबंधूंना एक विनंती. शाळेचे जनरल रजिस्टर प्रवेशाच्या क्रमाने लिहिलेले असते. वीस वर्षांपूर्वीचा एखादा विद्यार्थी दाखला मागायला येतो, आणि त्याला साल आठवत नाही. त्याचे नाव शोधायला किती वेळ लागतो, तो मुलांकडून घड्याळ लावून मोजून घ्या. मग त्याच मुलांना एका वहीत आडनावांच्या अक्षरक्रमाने सूची करू द्या, आणि पुन्हा वेळ मोजा. दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. पुढे काही समजावून सांगावे लागणार नाही. आणि दाखल्यासाठी आलेल्या त्या माणसाची एस. टी. चुकणार नाही.