घरातला बार कुणाचा? डहाणू-तलासरीच्या मोहाची गोष्ट

कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यांसाठी एपिसोड आहेच. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर.

सध्या फोनवर फर्निचर बघायला गेलं की ‘होम बार’ दिसतोच. लाकडी कपाट, आत काचेचे ग्लास टांगायला जागा, वर पिवळा लाईट. कपाट कुणीही विकत घेऊ शकतं. पण त्यात बाटली ठेवायची असेल तर महाराष्ट्रात परवाना लागतो. होय, स्वतःच्या घरातसुद्धा! बियर आणि वाईनसाठी वय २१ पूर्ण हवं, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, कारण दुकानदार बिलासोबत एका दिवसाचा परवाना फाडतो आणि आपण तो न वाचता खिशात टाकतो.

आता प्रश्न असा, की आपल्या घरात काय ठेवायचं हे सरकार कधीपासून ठरवायला लागलं? याचं उत्तर शोधायला मुंबईच्या फ्लॅटमध्ये नाही, डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवर जायला हवं.

मोह म्हणजे फक्त दारू नाही

पालघर जिल्ह्याच्या या टोकाला वारली, कोकणा, धोडी, दुबळा असे आदिवासी समाज राहतात. इथल्या जंगलात मोहाची झाडं. उन्हाळा लागला, की पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो आणि बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचायला निघतात. फुलं वाळवून ठेवायची. टंचाईच्या दिवसांत तीच भाजून, शिजवून खायची. बियांचं तेल काढायचं. आणि हो, फुलं भिजवून, आंबवून, मडक्याच्या भट्टीवर दारूही काढायची.

ही दारू लग्नात लागायची, मयताला लागायची, देवाला आणि पूर्वजांना आधी थेंब वाहून मग माणसांनी घ्यायची. सोबत ताडाची आणि खजुरीची ताडी. म्हणजे ‘होम बार’ म्हणायचंच झालं तर तो इथे घरोघरी होता. मडकं, पानाचा द्रोण, बस्स. परवाना कुणी मागत नव्हतं.

१८७८: घरातली गोष्ट गुन्हा होते

१८७८ मध्ये ‘बॉम्बे आबकारी ॲक्ट’ आला. सरकारचं म्हणणं साधं होतं. दारू हे उत्पन्नाचं साधन आहे, तेव्हा ती आमच्या देखरेखीखालच्या मोठ्या भट्टीतच निघेल आणि मक्तेदाराच्या दुकानातच विकली जाईल. घरची भट्टी बंद. ताडीच्या झाडांवरही कर.

तरी लोक घरी काढतच राहिले. मग १८९२ मध्ये खास ‘म्हौरा ॲक्ट’ आला. म्हौरा म्हणजे आपला मोह. हा कायदा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी होता आणि तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यात होतं. आता दारूच काय, फुलं बाळगण्यावरही बंधन आलं. विचार करा, भुकेच्या दिवसांत जे खाल्लं जायचं, तेच घरात सापडलं तर गुन्हा.

आणि दुसरीकडे उरण हे मोहाच्याच दारूच्या भट्ट्यांचं मोठं केंद्र होतं. तिथे गुजरातेतून पोत्यांनी मोहफुलं यायची. म्हणजे मोह वाईट होता असं नाही. प्रश्न होता तो पैसा कुणाच्या खिशात जातो याचा. १९२० च्या दशकात मुंबई प्रांताच्या तिजोरीत जमीनसाऱ्याच्या खालोखाल मोठी कमाई आबकारीचीच होती.

दुकानं बहुतेक पारशी मक्तेदारांकडे होती. घरी काढता येत नाही, म्हणून दुकानातून घ्यायची. हातात पैसे नाहीत, म्हणून उधारीवर घ्यायची. उधारी वाढली की मजुरी त्यात वळती व्हायची, कधी जमीनही जायची. वेठबिगारीच्या साखळीतली ही एक कडी होती.

१९२२: ‘आम्हीच पिणार नाही’

१९२२ मध्ये मात्र वेगळंच घडलं. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांमधून एक लाट उठली. लोकांच्या अंगात देवी यायची आणि ती सांगायची : दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, दारू विकणाऱ्या मालकाकडे कामाला जाऊ नका. ही लाट डोंगरातल्या पाड्यांवरून बघता बघता दक्षिण गुजरातपर्यंत पोचली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी तिच्यावर ‘द कमिंग ऑफ द देवी’ हे पुस्तक लिहिलं, ते १९८७ मध्ये आलं.

यातली गंमत बघा. सरकारने बंदी घातली तेव्हा लोकांनी चोरून काढली. स्वतः ठरवलं तेव्हा हजारोंनी सोडली. पुढे अनेक जण पुन्हा प्यायला लागले, हेही खरं. पण तेवढ्या काळात दुकानदाराला कळलं की गिऱ्हाईक ‘नाही’ म्हणू शकतं. १९४५ मध्ये झरीला वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला, तेव्हा ‘नाही’ म्हणण्याची ही सवय या पट्ट्याला अगदीच नवी नव्हती.

एकच कायदा, दोन राज्यं

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा आला. आता सगळ्यांनाच बंदी, मलबार हिलच्या बंगल्यालासुद्धा. मोहफुलांवरचं बंधन त्यातही राहिलं. एफ. एन. बलसारा हे गृहस्थ थेट कोर्टात गेले. व्हिस्की, ब्रँडी, वाईन, बियर मला बाळगू द्या, असं त्यांचं म्हणणं. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तूंना मोकळीक दिली, पण दारूवरची मुख्य बंदी वैध ठरवली. तब्येतीच्या कारणावरून परवाना मिळण्याची एक खिडकी कायद्यातच होती. ती कुणाला उघडता येणार? ज्याच्याकडे डॉक्टर आणि कागद आहे त्याला. पाड्यावरच्या माणसाला कुठला डॉक्टर?

१ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली. उंबरगाव तालुक्याचेही दोन भाग झाले. मोठा भाग गुजरातेत गेला आणि महाराष्ट्रात उरलेल्या गावांचं तलासरी झालं. १९४९ चा कायदा दोन्हीकडे तोच राहिला. गुजरातने तो घट्ट धरला, महाराष्ट्राने परवान्यांची दारं उघडत नेली. म्हणून आज तलासरीतल्या आच्छाडच्या नाक्याअलीकडे जी बाटली परवान्याने घरात ठेवता येते, ती पलीकडे नेली की गुन्हा. नातेवाईक मात्र दोन्हीकडे आहेत.

मग आज?

२०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि वाहतूक यांवरची बंधनं उठवली. १८९२ पासून मोजा, जवळपास १३० वर्षं झाली. पण घरी दारू काढणं आजही गुन्हाच आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलू. व्यसनाने पाड्यांवरची घरं उद्ध्वस्त होतात आणि त्याचा मार सगळ्यात आधी बायकांना बसतो. विषारी दारूचा धोकाही खरा आहे. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत १०० हून जास्त माणसं गेली. पण ते बळी घेतले मिथेनॉलने. ते कारखान्यातलं रसायन आहे, मोहाचं फूल नाही. त्यामुळे ‘आदिवासींची दारू’ म्हणून सरसकट नाक मुरडण्याआधी थोडं थांबायला हवं.

शेजारी बघा. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये जीआय मानांकन मिळालं. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे डहाणू-घोलवडच्या चिकूला जीआय आहे, बोर्डीत चिकूची वाईनही बनते आणि ती छान बाटलीत दुकानात येते. मोह मात्र अजून मडक्यात आणि पोलीस केसच्या कागदावरच आहे.

म्हणजे दीडशे वर्षांचा हा वाद दारू चांगली की वाईट एवढाच कधी नव्हता. कुणाच्या घरातली दारू ‘कलेक्शन’ आणि कुणाच्या घरातली ‘मुद्देमाल’, हे कोण ठरवणार, हा खरा वाद होता. अजूनही आहे.

तुम्ही डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड भागातले असाल तर एक काम करा. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, मोहाची फुलं वेचायला ते कधी जायचे, त्याचं काय काय करायचे आणि नाक्यावर कुणी अडवायचं का. फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. या गोष्टी आबकारीच्या दप्तरात लिहिलेल्या नाहीत.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. ऐकत राहा!